झाकणाचं लोणी

पिकअपमध्ये दुधाचे नऊ कॅन होते. तुळजाबाईंचा अर्धा भरलेला कॅन सगळ्यांत मागं, चाकाच्या बरोबर वर. महिनाभर एकट्या त्यांच्याच म्हशीच्या दुधाला वाशीच्या डेअरीत पोचेपर्यंत फॅट साडेपाचच्या पुढं लागत नव्हतं, एरवी सात लागायचं, आणि बाई साय काढून दूध घालते, अशी कुजबुज वस्तीभर झाली होती.

"काकू, डेअरीवाले उद्यापासून तुमचं दूध घेऊ नको म्हणायलेत," कॅन परत द्यायला आलेला पिकअपवाला दिग्विजय म्हणाला. "खरं सांगा, घरी लोणी लई निघायलंय व्हय?"

आईचा उतरलेला चेहरा बघून बीएस्सी झालेल्या सोनालीला राहवेना. तिनं परत आलेला रिकामा कॅन उघडला. झाकणाला आतून लोण्याचे कण चिकटले होते. मग तिनं गाडीचा मागचा भाग जोरात दाबून सोडला. गाडी पाच वेळा वर-खाली झाली.

"लोणी तुमच्या गाडीत निघतंय, भाऊ. धक्के झेलणारे शॉकअप गेलेत. बाकीचे कॅन गच्च भरलेले, आमचाच अर्धा, तोही चाकावर; वाटभर दूध घुसळून निघतंय. दोन्ही जोडीनं बदला, आणि याच गाडीच्या मापाचे घ्या."



सोमवारी नवे शॉकअप बसले. दाबल्यावर गाडी एकदाच हलली, आणि तुळजाबाईंच्या दुधाला फॅट लागलं सात पूर्णांक एक.