एका स्तोत्रापुरता

एलीनं हात आडवा धरून दार अडवलं. पायरीवर त्याचा धाकटा भाऊ सिमेओं उभा होता, टोपी हातात घेऊन.

"परत जा. तू आता त्यांचा झालास."

"दादा, एकच स्तोत्र. मागं उभा राहतो. संपलं की जातो."

आत तीनशे माणसं बसली होती. प्वातू प्रांताच्या त्या भागात प्रोटेस्टंटांचं एवढंच प्रार्थनाघर उरलं होतं. राजाच्या आजोबांनी लिहून दिलं होतं, की या कॅथलिक राज्यात यांनाही आपल्या रीतीनं देवाला भजू द्यावं, कायमचं. नातवानं ते फर्मान मोडलं नव्हतं, नुसतं कुरतडत आणलं होतं. ताजा हुकूम असा, की कॅथलिक झालेल्या माणसाला जाणूनबुजून पुन्हा प्रार्थनेला घेतलं, तर प्रार्थनाघर पाडायचं. म्हणून तर दाराशी एली.

सिमेओंनं गेल्या साली धर्म सोडल्याची सही केली होती. त्याच्या घरात राजाचे सहा शिपाई उतरवले होते. बाळंतीण बायकोच्या उशाशी ते पाळीपाळीनं ढोल बडवायचे, तिचा डोळा लागू द्यायचे नाहीत. पाचव्या दिवशी त्यानं सही केली. तेव्हापासून एली त्याच्याशी बोलला नव्हता.

पाद्री बुर्देल आतून आले. दोघा भावांना अक्षरं त्यांनीच शिकवलेली.

"अरे एली, रडतोय तो. घे आत. मी आहे ना."

एलीनं हात खाली घेतला.

सिमेओं मागं उभा राहून गायला. आवाज फुटत होता त्याचा. दुसरं कडवं संपायच्या आत कोतवाल शिपाई घेऊन दारात हजर. तो सरळ सिमेओंकडे गेला. कुणाला काही विचारावंसुद्धा लागलं नाही.

एलीला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. भावाला बेड्या पडत असताना तो त्याच्या तोंडावर थुंकला.

"विकलंस ना आम्हाला! तुझ्याऐवजी आईच्या पोटी धोंडा का नाही आला?"

हात बांधलेले होते. सिमेओंला तोंड पुसता आलं नाही.

आठ दिवसांनी दोघांना न्यायाधीशापुढे उभं केलं. "याला आत कुणी घेतलं?"

"पाद्रीबाबांना विचारा, सरकार," एली म्हणाला. "ते सांगतील."

पाद्रीबाबा आले. गळ्यात नवीकोरी जपमाळ. ते परवाच बिशपपुढे कॅथलिक झाले होते. सिमेओं येणार म्हणून कोतवालाला आगाऊ निरोपही त्यांनीच धाडला होता. कारकुनानं तसं वाचून दाखवलं. एलीकडे न बघता ते म्हणाले, "मी नको म्हणत होतो. यानंच हट्टानं आत घेतला."

एलीला भावाकडे बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात सिमेओं बोलला. "खोटं आहे, सरकार. दादानं मला घेतलंच नाही. हाकलत होता. मीच त्याला ढकलून आत घुसलो."

तो जबरीनं घुसला असेल, तर प्रार्थनाघराचा दोष नव्हता. सगळा दोष त्याचा, आणि शिक्षा राजाच्या जहाजावर साखळीत बसून जन्मभर वल्हं मारायची. सिमेओंला हे पक्कं ठाऊक होतं.

न्यायाधीशानं एलीकडे पाहिलं. "खरं का हे?"

मागं गावची सगळी मंडळी श्वास रोखून बसली होती.

"हो," एली म्हणाला.

प्रार्थनाघर वाचलं. तीन वर्षं वाचलं. मग राजानं आजोबांचं फर्मानच रद्द केलं, आणि भर दुपारी शिपायांनी भिंती पाडून टाकल्या. मार्सेयच्या बंदरात, त्या जहाजावर, सिमेओंला मात्र त्यानंतरही दर वर्षी दादाचं पत्र येत राहिलं: सगळं ठीक आहे, प्रार्थनाघराला यंदाच चुन्याचा रंग दिला.