पितळेची चकती

सिअ‍ॅटलजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये प्रणिता निंजांच्या, म्हणजे जुन्या जपानी हेरांच्या, हत्यारांचं प्रदर्शन लावत होती. तपासात बहुतेक हत्यारं अलीकडची निघाली होती. तिला उत्सुकता होती ती एकाच वस्तूची, दोऱ्याला टांगलेल्या पितळेच्या एका पातळ चकतीची. अशी चकती भिंतीजवळ धरून हेर पलीकडचं बोलणं ऐकत, असं जुन्या ग्रंथांत म्हटलं होतं. खरोखर कुणी ऐकल्याचा पुरावा मात्र कुठेच नव्हता.

दुपारी हॉल रिकामा होता. गंमत म्हणून प्रणिताने चकती भिंतीजवळ धरली आणि कान दिला.

"अगं, चल ना, लंच करू," पलीकडून आवाज आला. तिची सहकारी शीलाताई बोलत होती.

प्रणिता दचकली. ती दुसऱ्या मजल्यावरची बाहेरची भिंत होती. पलीकडे नुसतं आभाळ होतं.

तेवढ्यात दार उघडून शीलाताई आत आली. "अगं, चल ना, लंच करू."

प्रणिताने अडखळत घडलेलं सांगितलं. शीलाताई हसायलाच लागली. "काहीही काय यार! बघू, इकडे दे."

भिंतीकडे तोंड करून तिने चकती कानाशी धरली. हळूहळू तिचं हसू मावळलं. चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, काय ऐकू येतंय?"

"तू," शीलाताई पुटपुटली. "तू ओरडतेयस. 'ताई, मागे बघू नकोस,' म्हणून ओरडतेयस."