पणजोबांच्या मागची डबी

"अजून डावीकडे," मोबाईल बघत मुलगी म्हणाली. "चार पावलं. जपून, आई, गवतात दगड आहेत."

"मला नको सांगूस. माझ्याच सासरची माणसं झोपलीत इथे," आई म्हणाली आणि आजेसासऱ्यांच्या थडग्याला ठेचकाळली.

खेळ मुलाचा. मोबाईलवर जागेचे आकडे टाकायचे, तिथे लपवलेली डबी हुडकायची, आतल्या वहीत तारीख घालून सही करायची आणि डबी होती तशी ठेवायची. पणजोबांच्या थडग्यामागची ही डबी त्यानेच लपवली होती, घर सोडायच्या आदल्या महिन्यात. आठ वर्षांपूर्वी आई रागाच्या भरात "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हणाली आणि त्या पठ्ठ्याने ते तंतोतंत पाळलं. हट्टात तो आईवरच गेला होता. ना फोन, ना पत्ता. कधीतरी तो ही डबी बघायला येईल, एवढ्या आशेवर म्हातारी तग धरून होती.

बाकी सगळं मुलीने केलं. औषधं, अंघोळ, डॉक्टरांच्या फेऱ्या. त्यापायी ठरलेलं लग्नही मोडलं. आता आईला माणूस दिसे, अक्षर दिसत नसे. दर महिन्याला मुलगी तिला इथे आणी आणि वहीत दोघींची नावं लिही.

"तो असता तर एव्हाना डबी सापडली असती," आई म्हणाली.

"हो, आई."

सापडली. दगडाच्या खोबणीतच होती, झाकणावर चिखल.

कुदळ घेऊन चाललेला रखवालदार थांबला. "या डबीला गिऱ्हाईक बरंच आहे हो. परवाच एकजण तासभर बसला होता इथे."

"खेळणारे येतात," मुलगी हसून म्हणाली.

रखवालदार गेला. आईने मुलीचा दंड धरला. "वाच. घाई करू नकोस."

मुलीने पानं उलटली. "शाळेतली मुलं आलेली दिसतात. मग एक नवरा-बायको, त्यांना जागा फार आवडली. मग एक सायकलवाला." ती थांबली. "बस."

"नीट बघितलंस?"

"शेवटपर्यंत बघितलं."

आई थडग्यावरच टेकली. "माझंच चुकलं गं. जीभ आवरायला हवी होती मी." मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "लिही. म्हणावं, मी कधीच माफ केलंय. घरी ये. डोळे पुरते जायच्या आत एकदा तुला बघायचंय."

मुलीने वही गुडघ्यावर ठेवून लिहिलं. तिलाही रडू आलं होतं.

"झालंसुद्धा?"

"थोडक्यात लिहिलंय."

"सही मात्र माझी मी करणार. प्रगतिपुस्तकावरची सही आहे, लाखात ओळखेल तो."

मुलीने तिचं बोट ओळीवर नेऊन ठेवलं. आईने सही केली आणि शेवटच्या अक्षराची शेपटी पूर्वीसारखीच पानाच्या कडेपर्यंत ओढली. मुलीने डबी होती तशी ठेवली.

"आता येईल बघ," फाटकाकडे जाताना आई म्हणाली. "तू आहेस म्हणून हे झालं हो."

वहीच्या त्या पानावर वरच्या बाजूला परवाची तारीख होती. 'आई, तू दर महिन्याला येतेस हे वहीत दिसलं. मला माफ केलंस का? एक शब्द लिही. रविवारी येऊन वाचतो आणि इथूनच तडक घरी येतो.' त्याखाली बहिणीच्या अक्षरात एकच ओळ होती, 'पुन्हा तोंड दाखवू नकोस', आणि तिच्याखाली आईची सही.