उजव्या हातातलं घड्याळ

"घड्याळात काहीच बिघाड न्हाय," शिवशरण म्हणाला आणि डोळ्याचं भिंग काढून त्यानं फडक्यावर ठेवलं.

अंबादासरावांना हे काही पटेना. बिघाड नाही म्हणजे काय? सोलापूरच्या मोठ्या दुकानातून आणलेलं स्विस घड्याळ, सोनेरी तबकडीचं. चावी द्यायची भानगड नाही, हातात बांधलं की आपोआप चालतं, अशी दुकानदारानं शंभरदा ग्वाही दिलेली. आणि महिना भरायच्या आत रोज पहाटे बंद! रात्री उशाशी टिकटिक करायचं, सकाळी बघावं तर साडेतीनला नाही तर चारला अडून बसलेलं. उचलून हलवलं की पुन्हा शहाण्यासारखं चालू. असल्या बिलंदर घड्याळात म्हणे बिघाड नाही!

शुक्रवारी त्यांनी ते तुळजापूरच्या मोटार स्टँडाजवळ, शिवशरणच्या या एवढ्याशा दुकानात टाकलं होतं. आज रविवार. देवीचं दर्शन घेऊन पायऱ्या चढून वर आल्या आल्या शारदाबाई म्हणाल्या, "घड्याळ घेऊनच घरी जाऊ." बायकोलाच त्या घड्याळाचं कौतुक फार. घ्यायलाही त्यांनीच लावलं होतं. अंबादासराव नको नको म्हणत राहिले, पण बाई हटून बसल्या. आणल्यावर स्वतःच्या हातानं त्यांनी ते नवऱ्याच्या उजव्या मनगटावर बांधलं.

"अगं, लोक डाव्या हातात घालतात."

"घालू देत. तुम्ही कचेरीत लिहायला बसलात की दिसायला नको का?"

तेव्हा अंबादासरावांनी घाईघाईनं बाही घड्याळावर ओढली होती. कारण कचेरीतलं त्यांचं लिहिणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं.

निजामाच्या अमलात त्यांच्या उर्दू अक्षराला अख्ख्या कचेरीत तोड नव्हती. पुढं राज्य गेलं, नंतर जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि कागद मराठीत आले. मराठी ही मायबोली खरी, पण शाळा सगळी उर्दूत झालेली. चार ओळी मराठीत लिहायच्या म्हटलं तर माणसाला घाम फुटायचा. नवे साहेब भले होते. त्यांनी काढून टाकलं नाही की टाकून बोलले नाहीत. फक्त कागद हळूहळू शेजारच्या टेबलावर जायला लागले. अंबादासराव दहाला जायचे, खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसायचे आणि पाचला उठायचे. पगार मात्र वेळच्या वेळी व्हायचा. त्याचीच तर लाज वाटायची.

घरी आल्यावर रोज काहीतरी नवं सांगावं लागायचं. आज जळकोटच्या एका जमिनीचं प्रकरण लिहून काढलं. आज अणदूरच्या यात्रेचे कागद संपता संपेनात, बोटं नुसती आखडून गेली. शारदाबाई चहा पुढं ठेवायच्या आणि सगळं ऐकून घ्यायच्या. एवढं बिंग बायकोपुढं फुटू नये, हेच मागणं ते मघाशी देवीपुढंही मागून आले होते.

"बिघाड नाही, तर मग बंद का पडतंय?" शारदाबाईंनी शिवशरणला विचारलं.

"आक्का, ह्याच्या पोटात एक चकती असती बघा. हात हालला की चकती फिरती, आन् चकती फिरली की चावी बसती. दोन दिस म्या माझ्या हातात बांधलं, एक मिंट चुकलं न्हाय. दिवसभर हात एका जागी ठिवला, तर बिचारं रातच्याला थांबनारच की." मग तो अंबादासरावांकडं वळला. "रावसाहेब, तुमी डाव्या हातात घालत असाल. उजव्या हातात घाला. तुमचा लिहिनारा हात. दिवसभर हालतोय. मग बघा कसं पळतंय!"

अंबादासरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोकडं बघायची छाती होईना. ते समोर उभ्या असलेल्या मोटारीकडं बघत राहिले. कंडक्टर माणसं कोंबत होता. त्या गर्दीत शिरून कुठंतरी निघून जावं असं त्यांना वाटलं.

"तरी मी सांगत होते!" शारदाबाई ठसक्यात म्हणाल्या. "डाव्याच हातात घालतात हे. माझं ऐकतंय कोण?"

त्यांनी घड्याळ घेतलं, पदराला पुसलं आणि चालायला लागल्या. अंबादासराव मागून निघाले. बाजार संपला, घराची गल्ली आली. शेवटी तेच थांबले.

"शारदा, तू त्याला खोटं का सांगितलंस?"

"मग काय, त्याच्यासमोर तुमची पंचाईत करू?"

"म्हणजे... तुला कळलं."

"आज नाही कळलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "वर्ष झालं. तुमचे सदरे मीच धुते ना? आधी बाहीची शाई काढता काढता माझे हात दुखायचे. आता ठिपकासुद्धा नसतो."

अंबादासरावांना एकदम रडू आलं. वर्षभर रचलेल्या त्या सगळ्या गोष्टी, आणि ही समोर बसून मान डोलावत होती! त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"अगं, सगळं ठाऊक होतं, तर हे एवढं भारी घड्याळ कशाला घ्यायला लावलंस? तेही उजव्या हातात?"

शारदाबाईंनी त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, त्यावर घड्याळ बांधलं आणि पट्टा नीट बसवला.

"रिकाम्या टेबलाशी बसलेल्या माणसाच्या हाताकडं लोक बघतात हो," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघायचंच आहे, तर घड्याळ बघू देत."