सातव्या मजल्यावरचा उंदीर

टॅटिंगच्या, म्हणजे गाठी मारत लेस विणायच्या, छोट्या शटलनं विणलेला टीपॉयवरचा रुमाल काल पूर्ण झाला, तेव्हा धरमपेठेतल्या क्लासवाल्या ताई म्हणाल्या, "झालं बाई. आता तुम्हाले शिकवाले माझ्याजवळ काही उरलं नाही." प्रेमलताबाई हसल्या, पण शहराच्या टोकाला बेसातल्या फ्लॅटवर परतताना त्यांना बसमध्ये धड बसवेना. फ्लॅटवरची कामवाली सकाळी गेली की दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांच्याशी बोलायला कोणी नसे. मधे होता तो क्लासचा एक तास. आज त्यांनी तोच रुमाल पुन्हा ताईंसमोर ठेवला. मधल्या फुलाच्या तीन पाकळ्या तुटून लोंबत होत्या. "उंदरानं कुरतडला जी," त्या खाली पाहत म्हणाल्या. ताईंनी चष्मा लावून तुटलेल्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. तिन्ही टोकं सरळ कापलेली होती. "तुम्ही सातव्या मजल्यावर राहता ना?" "हो." ताईंनी खोलीवरून नजर फिरवली. शिकणाऱ्यांसाठी मांडलेल्या सहा खुर्च्यांपैकी पाच रिकाम्या होत्या. "क्रोशाचं काम उसवून पुन्हा विणता येते," त्या म्हणाल्या, "टॅटिंगची गाठ उसवत नाही. पहिल्यापासून करा लागन." मग उठून त्यांनी कपाटातून दोऱ्याचे पाच गुंडे काढले. त्या रुमालाला एकच पुरला होता. "या वेळी डायनिंग टेबलाएवढा करू. वर्षभर तं लागनच. अन् उद्या येताना त्या उंदराची कात्री घेऊन याजा."