घरचं माणूस

"मावशी, जरा पाणी आणा," सोफ्यावर टेकता टेकता मॅडम म्हणाल्या.

मावशीने पाणी आणलं. घर तिच्या भाचीचं; ती भाचीच्या आईची सख्खी धाकटी बहीण. भाचीच्या बाळंतपणाला म्हणून आली ती राहिलीच. पोर आता जिन्यापर्यंत पळायला लागलं होतं. मावशीच्या अंगात भाचीचाच जुना स्वेटर, कोपरावर विरलेला. कडेवर पोर, हातात ट्रे.

मॅडमनी तिच्याकडे न बघताच ग्लास उचलला. "नशीबवान आहेस," त्या भाचीला म्हणाल्या. "माझी कालच सोडून गेली. उद्या पहाटे मला दौऱ्यावर निघायचंय. घरात दोन पोरं आणि नवरा त्यांच्याहून लहान. कुठून मिळवलीस ही?"

भाचीने मावशीच्या स्वेटरकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडम तिच्या ऑफिसच्या प्रमुख. बढतीची शिफारस त्यांच्याच सहीने जायची होती.

"एजन्सीतून," ती म्हणाली.

आत निघालेली मावशी दारातच थांबली.

"मावशी, चहा ठेवता का जरा?" भाची घाईघाईने म्हणाली. आजवर ती मावशीशी अगंतुगंनेच बोलत आली होती. एवढा मान पहिल्यांदाच मिळाला.

चहा आला. मॅडमनी दोन घोट घेतले. पोराची कापलेली नखं, पुसून लख्ख केलेल्या काचा, जागच्या जागी असलेली खेळणी, सगळं एकदा नजरेखालून घातलं आणि सरळ मावशीलाच विचारलं, "माझ्याकडे येता का?"

भाची हसली. "मॅडम, तुम्ही पण ना!"

"थट्टा नाही करत. तू तरुण आहेस, शोधशील दुसरी. मला आजच हवीय." त्यांनी मावशीला आता कुठे नीट, पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "खोकलाबिकला नाही ना? फोनवर फार नसता ना? इथे काय देतात?"

"त्यांनाच विचारा," मावशी म्हणाली.

भाची कपात बघत राहिली. "म्हणजे... राहणं, खाणं, सगळं आपलंच."

"ते झालं गं. हातात काय?"

इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला भाचीचा नवरा एकदम मदतीला धावला. "बँकेत टाकतो ना आम्ही. दर महिन्याला."

"हो का?" मावशी म्हणाली. "बरं झालं, कळलं तरी."

नवऱ्याने डोकं पुन्हा मोबाइलमध्ये घातलं.

"येते मी," मावशीने मॅडमना सांगून टाकलं. "रविवारी सुट्टी. झोपायला खोली, दार लागेल अशी. आणि मला मावशी म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"बाई म्हणा. मावशी म्हटलं की लोक पगार द्यायचा विसरतात."

मॅडम खळखळून हसल्या. "तोंडाळ दिसतेय! चालेल. आवरा तुमचं, खाली गाडी आहे."

मावशीचं अंथरूण पोराच्या पाळण्याशेजारी, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत होतं. ती पिशवीत कपडे भरत असतानाच भाची आत आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"मावशी, तमाशा करू नकोस हं. नंतर मी सगळं समजावते त्यांना."

"काय समजावशील?"

ते भाचीने ठरवलं नव्हतं. "अगं, तिथे धुणीभांडी करावी लागतील तुला!"

"इथे काय पाहुणचार झोडत होते?"

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? तुझ्या लोकांना मी कोण तेच ठाऊक नाही." मावशीने अंगातला स्वेटर काढला, घडी घालून पाळण्याच्या कठड्यावर ठेवला. "हा तुझा. राहू दे. पुढचीला होईल."

बाहेर येऊन तिने पोराचा मुका घेतला. पोर तिच्या गळ्याला घट्ट बिलगलं. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तेवढ्यापुरते तिचे डोळे भरले. मग तिने पोर बापाच्या हातात दिलं. बापाने ते गळक्या बादलीसारखं अंगापासून लांब धरलं.

"याला झोपवायचं कसं?" त्याने विचारलं.

"अंधार करून," मावशी म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.

जिन्यावरून मॅडमनी मागे वळून भाचीच्या गालाला हात लावला. "माझ्यासाठी केलंस हे. लक्षात ठेवीन."

भाची लाजून हसली. गाडी वळेपर्यंत तिचं हसू उतरलं नव्हतं. मग घरात पोराने भोकाड पसरलं, नवऱ्याने आतून दोनदा हाक मारली, आणि उद्या सकाळी ऑफिस होतं. तिने आईला फोन लावला.

"आई, ये ना गं इकडे राहायला. नातवाशी खेळशील. तेवढाच तुला बदल."

"मी कशाला? धाकटी आहे ना तिथे? बरी आहे ना ती?"

"गेली." भाचीने मोबाइल खांद्याला दाबून धरला आणि दुधाचं भांडं शोधायला एकेक फडताळ उघडत सुटली. "काय सांगू आई, हल्ली माणसं टिकतच नाहीत."