पहिला फलंदाज

"डोक्यात! पहिला जो कोण येईल त्याच्या डोक्यात," हार्लन प्रुइट म्हणाला आणि त्याने आपल्या पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या ऑर्विलची, कॉलर सोडली.

बेसबॉलचा पहिला सामना नुकताच संपला होता. अर्ध्या तासाने त्याच दोन संघांचा दुसरा. पहिल्यात पाहुण्या संघाच्या पिचरने मुद्दाम चेंडू मारून हार्लनच्या एका खेळाडूचा जबडा फोडला, मग मैदानातच बॅटी चालल्या. त्या धुमश्चक्रीत हार्लनने पाहुण्यांच्या सलामीच्या फलंदाजाचं मनगट बुटाखाली चिरडलं. मॅनेजर झाला तरी तो अजून स्वतः खेळायचा. एकोणीस वर्षांत अकरा संघांनी त्याला विकलं होतं, एकदा तर जेवणावरून उठवून. तेव्हापासून माणूसच आंबला होता मेला.

ऑर्विलच्या ओठातून रक्त गळत होतं. नाही म्हटल्याचं बक्षीस.

"बॉस, माझ्या चेंडूने एकाचा डोळा गेलाय. पुन्हा ते पाप नको."

"मग उद्यापासून कापूस वेच. टेक्सासात कुठलाच संघ तुला दारात उभा करणार नाही. मी बघतो ना!"

घरी बायको होती, तान्ही मुलगी होती. ऑर्विलने मान खाली घातली.

"आणि नीट ऐक," हार्लन म्हणाला. "पंचाला दाखवायला मी 'नको, नको' म्हणून बोंबलेन, हात नाचवीन. ढुंकून बघायचं नाही. फेकायचं! घे शपथ."

"मुलीची शपथ, बॉस."

सामन्याला दहा मिनिटं उरली असताना संघाचा मालक डूली याने हार्लनला ऑफिसात बोलावलं. भिंतीला डझनभर कोऱ्या बॅटी टेकून उभ्या होत्या.

"त्यांचा माणूस मोडलास," डूली म्हणाला. "आता त्यांना सलामीला माणूस हवाय. दिला मी एक. ह्या बॅटी त्याच्याच बदल्यात."

"कोण दिलास?"

डूली एक बॅट उचलून फडक्याने पुसत राहिला.

पंचाने हाक दिली. ऑर्विल चेंडू फेकायच्या मातीच्या उंचवट्यावर चढला. डोळे मिटून त्याने देवाची माफी मागितली आणि वर पाहिलं. पाहुण्यांच्या करड्या सदऱ्यात पहिला फलंदाज येऊन उभा होता. सदरा पोटावर ताणला होता, बटण लागत नव्हतं.

"नको! ऑर्विल, अरे नको!" बॅट टाकून, दोन्ही हात नाचवत हार्लन प्रुइट बोंबलला.

ऑर्विलने शहाण्यासारखी मान डोलावली आणि चेंडू फेकला.